राजकीय व्यंगचित्र आणि त्याचा वाचक : ब्रिटिश परंपरा व मराठी अनुभव

१.

वृत्तपत्रीय राजकीय व्यंगचित्राचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने चित्रकाराच्या बाजूने झाला आहे. त्याची रेषा, त्याची विनोदबुद्धी, सत्ताधाऱ्यांशी त्याचे झालेले संघर्ष यांविषयी बरेच लिहिले गेले. परंतु सकाळी वृत्तपत्र उघडून ते चित्र पाहणारा वाचक या चर्चेत बहुधा गृहीतच धरला जातो. तो हसला तर रसिक ठरतो आणि रागावला तर असहिष्णू. या दोन शिक्क्यांपलीकडे जाऊन वाचकाच्या प्रतिक्रियेची घडण समजावून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आधुनिक राजकीय व्यंगचित्राचा मराठी वृत्तपत्रांतील प्रवाह बव्हंशी ब्रिटिश परंपरेतून आलेला असल्याने त्या परंपरेतील काही चित्रे प्रथम विचारात घेतली आहेत आणि त्यांच्या प्रकाशात मराठी अनुभवाकडे, विशेषतः खानदेशासारख्या महानगराबाहेरील वाचकाच्या स्थितीकडे पाहिले आहे.

आरंभी एका शब्दाचा उलगडा करणे इष्ट होईल. मराठीत 'व्यंग' म्हणजे न्यून, दोष; आणि साहित्यशास्त्रातील 'व्यंग्य' म्हणजे व्यंजनेने सूचित होणारा अर्थ. 'व्यंगचित्र' हा रूढ शब्द पहिल्या अर्थाकडे झुकतो. ज्याचे चित्र काढले त्याच्यातील दोष दाखविणे हेच या कलेचे कार्य, असा समज त्यातून दृढ होतो. वस्तुतः राजकीय व्यंगचित्राचे सामर्थ्य दुसऱ्या अर्थात आहे. मोठे नाक किंवा सुटलेले पोट हे अर्कचित्राचे साधन झाले. त्या साधनातून जे सुचविले जाते ते खरे व्यंगचित्र. सूचित अर्थ मात्र कागदावर नसतो. तो वाचकाच्या ठिकाणी निष्पन्न होतो. म्हणूनच या कलाप्रकाराचा विचार वाचकाला वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

२.

व्यंग्यार्थ कशावर अवलंबून असतो याची चर्चा मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या तिसऱ्या उल्लासात केली आहे. बोलणारा कोण, कोणाला उद्देशून बोलतो, प्रसंग कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता, अशा घटकांच्या वैशिष्ट्यामुळे एकाच वाक्यातून निरनिराळे अर्थ सूचित होतात. 'सूर्य मावळला' हे साधे वाक्य गुराख्याला गुरे परत फिरविण्याची सूचना देते, कर्मनिष्ठाला संध्येची आठवण करून देते आणि अभिसारिकेला संकेतस्थळाची. पाश्चात्त्य वाचककेंद्री समीक्षेत वोल्फगांग इझर यांनी संहितेतील 'रिकाम्या जागां'ची आणि हान्स रॉबर्ट याउस यांनी 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची जी कल्पना मांडली, तिचा रोखही असाच आहे. वक्ता, बोद्धव्य, प्रस्ताव, देश आणि काल हे मम्मटाचे पाच घटक व्यंगचित्राच्या आकलनासाठी विशेष उपयुक्त ठरतात.

३.

प्रस्ताव म्हणजे प्रसंग. मार्च १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली मिरर' या दैनिकात फिलिप झेक यांचे एक चित्र प्रसिद्ध झाले. बुडविलेल्या जहाजावरील एक खलाशी काळ्याकुट्ट समुद्रात तराफ्याला कसाबसा धरून पडलेला आहे आणि खाली ओळ आहे ती पेट्रोलचा भाव एका पेनीने वाढल्याच्या सरकारी घोषणेची. झेक यांचा हेतू पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसे मरत आहेत, हे सांगण्याचा होता. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाने मात्र त्याचा अर्थ लावला तो असा : तेलकंपन्यांचा नफा वाढावा म्हणून खलाशी प्राण देत आहेत. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी वृत्तपत्र बंद करण्याची तंबी दिली आणि प्रकरण पार्लमेंटात गाजले.

या उदाहरणाचे महत्त्व असे, की येथे कोणताही वाचक अडाणी नाही. दोन्ही अर्थ चित्रातून निघतात. चित्र आणि ओळ यांच्यामध्ये 'म्हणून' की 'तरीही', हे उभयान्वयी अव्यय झेक यांनी लिहिलेले नाही. ते वाचकाने घालायचे आहे. युद्धातील पराभवांनी हैराण झालेल्या सरकारने ते आपल्या भयानुसार घातले. गद्य लेखात हे अव्यय लेखकाला लिहावेच लागते. व्यंगचित्रात ते गाळलेले असते, आणि व्यंगचित्राची ताकद व त्याचा धोका ही दोन्ही त्या गाळलेल्या अव्ययातच आहेत.

४.

दुसरा घटक बोद्धव्य, म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो. १८४१ मध्ये निघालेल्या 'पंच' या साप्ताहिकाने १८४३ मध्ये उपरोधिक चित्राला 'कार्टून' हे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. याच साप्ताहिकात २२ ऑगस्ट १८५७ रोजी जॉन टेनिएल यांचे प्रसिद्ध चित्र आले : स्त्री व बालक यांच्यावर चालून आलेल्या बंगाली वाघावर ब्रिटिश सिंह झेप घेत आहे. इंग्लंडमधील वाचकाच्या दृष्टीने ते न्याय्य सूडाचे चित्र होते. त्याच वर्षी सातपुड्याच्या परिसरात खाज्या नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले होते. चित्रातील वाघ म्हणून ज्यांना रंगविले गेले, त्या लोकांना ते पान पाहता येण्याची शक्यता नव्हती. चित्राचा विषय एक आणि चित्राचा वाचक दुसराच, अशी ही विभागणी होती. ज्याच्याविषयी हसायचे तो खोलीत नाही, या खात्रीवर उभा असलेला विनोद बराच काळ निर्धास्त राहतो. तो माणूस एक दिवस वाचक म्हणून खोलीत आला, की तेच चित्र पूर्वीसारखे राहत नाही. वसाहतीतील वाचकाने पुढे 'पंच'चे हत्यारच उचलले. मुंबईचा 'हिंदी पंच', लखनौचा 'अवध पंच' आणि ठाण्याचा मराठी 'हिंदुपंच' ही नावे त्याची साक्ष देतात. मराठीत व्यंगचित्राला घरगुती रूप दिले ते 'किर्लोस्कर' मासिकातून शं. वा. किर्लोस्कर यांनी, त्यांचा रोख मुख्यतः सामाजिक रूढींवर होता.

५.

वक्ता या घटकाचा विचार करताना डेव्हिड लो यांचे उदाहरण अटळ आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले लो १९१९ मध्ये लंडनला आले आणि १९२७ पासून 'ईव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकात चित्रे काढू लागले. पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या राजकीय भूमिकेशी त्यांची चित्रे अनेकदा विसंगत असत. तथापि करारानेच त्यांना मतस्वातंत्र्य मिळाले होते. हिटलर व मुसोलिनी यांच्यावरील त्यांच्या चित्रांनी जर्मन राज्यकर्ते इतके चिडले, की १९३७ मध्ये जर्मनीला गेलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्स यांच्याकडे त्याबद्दल तक्रार करण्यात आली. परत आल्यावर लो यांना सौम्यपणाची विनंती झाली. त्यांनी काही काळ दोन्ही हुकूमशहांचे मिश्रण असलेले 'मझलर' हे पात्र योजून मार्ग काढला. तथापि लो यांचा अधिक टिकाऊ विजय 'कर्नल ब्लिंप' या १९३४ च्या पात्रात आहे. हा गलेलठ्ठ, मिशाळ, विसंगत बोलणारा लष्करी गृहस्थ वाचकांनी आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत ओळखला आणि त्याचे नाव इंग्रजी कोशात गेले. हुकूमशहाने चित्र स्वतःवर ओढून घेतले. सामान्य वाचकाने ते शेजाऱ्याला लावले. स्वतःला न लावणे हीदेखील एक वाचनक्रियाच होय.

लो यांचा प्रभाव मुंबईतील दोन व्यंगचित्रकारांवर सर्वश्रुत आहे. बाळ ठाकरे व आर. के. लक्ष्मण या दोघांनीही 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये काम केले. पुढे मात्र त्यांनी वाचकाशी जोडलेली नाती भिन्न झाली. लक्ष्मण यांचा 'सामान्य माणूस' धोतर व चौकड्यांचा कोट घालून सर्वत्र हजर असतो, पण बोलत नाही. 'डेली एक्स्प्रेस'मधील सिडने स्ट्रूब यांच्या 'लहान माणसा'शी त्याचे नाते सांगता येते. त्याच्या मौनामुळे वाचकाला त्याच्या जागी उभे राहता येते; वाचक साक्षीदार होतो. १३ ऑगस्ट १९६० रोजी यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते प्रकाशित झालेल्या ठाकरे यांच्या 'मार्मिक'ने वाचकाला साक्षीदार राहू दिले नाही. तेथे वाचकाला 'आपण' आणि 'ते' या विभागणीत एक जागा नेमून दिलेली होती. 'वाचा आणि थंड बसा' या सदराचे शीर्षकच उपरोधाने वाचकाला डिवचणारे होते, आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेच्या स्थापनेत त्या डिवचण्याचे उत्तर मिळाले. एका व्यंगचित्र-साप्ताहिकाच्या वाचकवर्गातून राजकीय संघटना उभी राहावी, हे वाचकप्रतिक्रियेच्या इतिहासात विरळ उदाहरण आहे.

६.

देश व काल या घटकांची तीव्रता अलीकडच्या तीन प्रसंगांतून दिसते. पहिला ब्रिटनमधील. २७ जानेवारी २००३ रोजी 'इंडिपेंडंट' पत्रात डेव्ह ब्राउन यांनी इस्राएलचे पंतप्रधान शॅरन यांना बालक खाताना दाखविले. त्यांच्या डोळ्यांपुढे गोया यांचे, स्वतःचे अपत्य खाणाऱ्या सॅटर्नचे चित्र होते. अनेक ज्यू वाचकांना मात्र मध्ययुगापासून आपल्यावर लादलेला बालहत्येचा खोटा आरोप आठवला. वृत्तपत्र-तक्रार आयोगाने तक्रार मान्य केली नाही. चित्राला पुढे पारितोषिकही मिळाले. एकाच रेषेला दोन पूर्वज होते : एक चित्रशाळेतील, दुसरा छळाच्या इतिहासातील. कोणता पूर्वज ओळखायचा हे वाचकाच्या स्मृतीने ठरविले.

दुसरा प्रसंग भारतीय आहे. २८ ऑगस्ट १९४९ च्या 'शंकर्स वीकली'मध्ये शंकर यांनी संविधाननिर्मितीच्या मंद गतीवर चित्र काढले : गोगलगाईवर डॉ. आंबेडकर बसलेले, त्यांच्या हाती चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हाती चाबूक. २००६ मध्ये ते अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आले आणि मे २०१२ मध्ये संसदेत त्यावरून प्रचंड गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. १९४९ च्या वाचकाला दोन्ही चाबूक गोगलगाईवर उगारलेले दिसत होते. २०१२ मध्ये जो वाचकवर्ग वर्गात बसला होता, त्यातील अनेकांच्या घरांतून शाळेत जाणारी ती पहिली वा दुसरी पिढी होती. मागून उगारलेला चाबूक त्यांना बाबासाहेबांवर उगारलेला दिसला. चाबूक हा त्यांच्या पूर्वजांच्या अनुभवातील शब्द होता. मोडतोड समर्थनीय नव्हतीच. परंतु ते वाचन चुकीचे होते असे म्हणून विषय संपत नाही. चित्राखालील मजकूर संविधानास वेळ का लागला याचा विचार करण्यास सांगत होता. चित्र मात्र मजकुराआधी दिसते.

तिसरा प्रसंग खानदेशालाही स्पर्श करणारा आहे. २०१६ मध्ये मराठा समाजाचे मूक मोर्चे राज्यभर निघाले. जळगाव व धुळे येथेही ते निघाले. सप्टेंबरच्या अखेरीस 'सामना'च्या रविवार पुरवणीत 'मूक' आणि 'मुका' या शब्दांवर कोटी करणारे एक व्यंगचित्र आले. संताप उसळला, वृत्तपत्राच्या कार्यालयावर दगडफेक झाली आणि उद्धव ठाकरे यांनी माफी मागितली. कोटी एका ऱ्हस्व-दीर्घाची आणि एका काना-मात्रेची होती. पण त्या मोर्चांत स्त्रिया व मुली अग्रभागी होत्या आणि मौन हेच मोर्चाचे विधान होते. ज्याने ठरवून मौन पाळले आहे त्याच्या मौनावर केलेली कोटी त्याला प्रत्युत्तराची जागा ठेवत नाही. वाचकाला डिवचण्यातून वाढलेल्या परंपरेला वाचकानेच डिवचलेपणाची जाणीव करून द्यावी, हा या घटनेतील उपरोध आहे.

७.

या सर्व उदाहरणांतून महानगराबाहेरील वाचकाविषयी काही गोष्टी हाती लागतात. वृत्तपत्र मोठ्याने वाचून दाखविण्याची प्रथा खेड्यांतून दीर्घकाळ होती. अग्रलेख असा वाचून दाखविता येतो. व्यंगचित्र वाचून दाखविता येत नाही, ते हातात द्यावे लागते. समजावून सांगावे तर त्यातील विनोद उरत नाही. त्यामुळे गावातील ज्याला त्याचा संदर्भ ठाऊक आहे तो हसतो, आणि दुसरा हसणाऱ्याकडे पाहतो. लंडन किंवा मुंबईच्या राजकारणातील दैनंदिन तपशील ज्याच्यापर्यंत पोचलेला नाही, त्याला चित्रात आकृती दिसतात, प्रस्ताव दिसत नाही. अशा वेळी तो आपल्या जवळचा प्रस्ताव योजतो. जत्रेतील सोंग त्याच्या परिचयाचे असते. सोंगात गावचा पाटील किंवा सावकार प्रेक्षकांत बसलेला असताना त्याची नक्कल होते. म्हणजे विषय आणि प्रेक्षक समोरासमोर असतात. ही समोरासमोरची जबाबदारी छापील चित्रात सुटते, आणि ती सुटली आहे हे खेड्यातील वाचकाला लवकर जाणवते.

१९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेल्या, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिक्षेत्रात जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. येथील मराठीच्या वर्गात मराठी, अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली असे भिन्न भाषिक संस्कार घेऊन विद्यार्थी बसतात. त्यांच्यापुढे व्यंगचित्र ठेवताना 'यात विनोद काय आहे?' हा प्रश्न अपुरा आहे. कोण बोलतो, कोणाशी बोलतो, कोणाविषयी बोलतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो वाचकांत आहे काय, हे प्रश्न त्याआधी विचारावयास हवेत. तसेच स्थानिक वृत्तपत्रांतील व्यंगचित्रे व त्यांवर आलेली वाचकांची पत्रे एकत्र, तारखेसह जतन होणे आवश्यक आहे. रद्दीत गेलेल्या अंकाबरोबर केवळ चित्र जात नाही, त्याचा प्रस्तावही जातो. आणि प्रस्ताव हरवलेले चित्र पुढील पिढीपुढे केवळ व्यंग म्हणून उरते, व्यंग्य म्हणून नव्हे.

वाचकाचा संताप हा दगड होतो तेव्हा त्याचा निषेध करावाच लागतो. मात्र संताप आणि दगड यांत भेद करणे हे समीक्षेचे काम आहे. व्यंगचित्रकाराने अव्यय गाळले, ते भरण्याचा अधिकार वाचकाला दिला. त्याने ते कोणत्या अनुभवातून भरले, हे तपासल्याविना त्याला केवळ असहिष्णू ठरविणे म्हणजे दिलेला अधिकार परत घेणे होय.