घर सजवा, पण कोणासाठी?

आपल्याकडे घर सजवण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. एक दिवाळी. दुसरी, मुलीला पाहायला मंडळी येणार असतील किंवा लग्नकार्य निघाले असेल तेव्हा. तिसरी, घर विकायला काढले तेव्हा. या तिन्ही वेळी डोळ्यांसमोर असतो तो पाहुणा, व्याही नाहीतर गिऱ्हाईक. घरात चोवीस तास राहणारा माणूस, त्यातही म्हातारा, आजारी किंवा तान्हे मूल, या हिशेबात कुठेच नसते.

रुग्णाला तपासायला घरी जाण्याचे प्रसंग मला जठारपेठेत आणि आसपासच्या वस्त्यांत नेहमी येतात. समोरच्या खोलीत सोफा, शोकेस, चकचकीत फरशी, छताला पीओपी, दोन मोठ्या खिडक्या. आजोबा मात्र आतल्या पश्चिमेच्या खोलीत. तिथली एकुलती एक खिडकी कपाटामागे गेलेली आणि पलंगाखाली ट्रंका. "आजोबांचा पलंग समोरच्या खोलीत आणा" असे सुचवले की ठरलेले उत्तर मिळते, "पाहुने काय म्हनतीन, डाक्टरसाहेब?"

पाहुणे तासाभराने चहा घेऊन जातात. आजोबांना मात्र त्या खोलीत अख्खा मे महिना काढायचा असतो.

कोणी म्हणेल, घराच्या मांडणीशी डॉक्टरांचा काय संबंध? संबंध जुना आहे. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात निरोगी घरासाठी पाच गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड. या पाचांत सोफ्याचे नाव नाही. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊन आयुष्यभर वेगळे काय सांगत होते? या पाचांत आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी मी वाढवतो : उन्हापासून बचाव आणि पडण्यापासून बचाव.

पहिले काम : ऊन घराबाहेर ठेवा

अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल अकोलेकरांना नवीन काय सांगायचे? मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावून शिकवणी वर्गांच्या वेळा बदलाव्या लागल्या होत्या. पण ऊन लागते ते फक्त रस्त्यावर, हा समज चुकीचा आहे. घरात बसलेल्या वृद्धालाही उष्माघात होतो.

त्याचे कारण घराच्या बांधणीत आहे. आपली जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची होती. ती सावकाश तापत. आजचे सिमेंटचे स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेते आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली खोलीत सोडत राहते. वरच्या मजल्यावरची किंवा पश्चिमेची खोली म्हणूनच रात्री अकरालाही भट्टीसारखी असते. शरीराला रात्री मिळायला हवी ती विश्रांती मिळत नाही. वय झाले की तहान कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मानसिक आजारांवरची काही औषधे घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. (गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

यावर उपाय पुढीलप्रमाणे.

गच्चीला पांढरा चुना द्या. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि खालच्या खोलीत काही अंशांचा फरक पडतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे तिथल्या गरीब वस्त्यांची छपरे पांढरी केली गेली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. खोलीला पीओपीचे छत करण्याआधी गच्चीवर चुना मारा. खर्च कितीतरी कमी, गुण कितीतरी जास्त.

पडदा काचेच्या आत नव्हे, बाहेर हवा. ऊन एकदा काचेतून आत आले की ते खोली तापवणारच, मग पडदा कितीही भारी असो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याची ताटी, बांबूची चीक किंवा हिरवी जाळी बांधा. दिसायला ती साधी दिसेल, दिसू द्या.

खिडक्या सकाळी नऊच्या सुमारास लावून घ्या आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघडा. नवीन घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दोन काचांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते ती निम्मीच. झोपण्याच्या खोलीत पूर्ण उघडणाऱ्या झडपांची खिडकी घ्यावी आणि समोरासमोर दोन वाटा ठेवाव्यात. हवा आत यायला जशी वाट लागते, तशी बाहेर जायलाही लागते.

पंख्याचे एक सांगायला हवे. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवा अंगावर मारतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असा आहे की पंखा ४० अंशांच्या आतच वापरावा. अशा दुपारी अंगावर ओला पंचा ठेवा, हातपाय ओले करा किंवा वृद्धाला घरातल्या सर्वांत थंड खोलीत आणा. ती खोली समोरची असेल, तर चार महिने समोरची खोली त्यांची.

माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. १०८ क्रमांकावर फोन करा. तोवर कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

कूलर : मित्र आणि शत्रू

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, पण त्याच्या समोरची एखादी खिडकी किंवा दार किलकिले हवे. सगळे बंद केले की हवा दमट होते, घाम वाळत नाही आणि "कूलर असूनही जीव घाबरतो" अशी तक्रार सुरू होते.

त्याची दुसरी बाजू डेंग्यूची. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करा. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी टाकीच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी असली तरी कित्येक महिने जिवंत असतात. ब्रशने कडा घासा. पावसाळा लागला की कूलर घासून, कोरडा करून, झाकून ठेवा. काटेपूर्णाच्या पाण्याची वाट पाहत पिंप, ड्रम भरून ठेवण्याची वेळ अनेक उन्हाळ्यांत आपल्यावर आली आहे. त्यांनाही घट्ट झाकण किंवा कापड बांधा. शोभेच्या कुंडीखालच्या बशीतले आणि पाण्यात लावलेल्या मनीप्लँटच्या बाटलीतले पाणीही दर आठवड्याला बदला.

आणि वीज. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवेच. पाणी भरण्यापूर्वी पिन काढा. ओल्या पायांनी, अनवाणी कूलरला हात लावू नका. मेन बोर्डावर गळती होताच वीज तोडणारे, ३० मिलिअँपिअरचे यंत्र बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनला ते माहीत असते. झुंबरापेक्षा ही खरेदी महत्त्वाची.

दुसरे काम : न्हाणीघर

घरात सर्वांत जास्त पैसा समोरच्या खोलीवर जातो आणि सर्वांत जास्त धोका न्हाणीघरात असतो. सत्तरीतली आजी रात्री उठते, अंधारात चाचपडत जाते, ओल्या चकचकीत फरशीवर पाय सरकतो आणि खुब्याचे हाड मोडते. मग शस्त्रक्रिया. ती लांबली तर अंथरूण, पाठीला जखमा, छातीत कफ. पडण्यापूर्वी स्वतःच्या हाताने स्वयंपाक करणारी बाई पुन्हा पूर्वीसारखी चालेलच, याची खात्री कोणताही डॉक्टर देऊ शकत नाही. अपघाती मृत्यूंच्या कारणांत जगभर रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो.

हे टाळणे अवघड नाही.

फरशी खरखरीत घ्या. दुकानात चमक पाहू नका. नमुन्याच्या तुकड्यावर पाणी टाका, पायातली चप्पल काढून त्यावर उभे राहा. जुनी गुळगुळीत फरशी बदलणे शक्य नसेल तर रबरी चटई टाका, ती मात्र सरकणारी नको.

भिंतीला धरायला दांडी बसवा. एक कमोडजवळ, एक अंघोळीच्या जागी. टॉवेल अडकवायची दांडी त्यासाठी चालत नाही. ती अंगाच्या भाराने उखडते आणि माणूस दांडीसकट पडतो. कमोडची बैठक साधारण १७-१८ इंच उंच असावी. अंघोळीला भक्कम प्लास्टिकचे स्टूल द्या.

न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे. आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाने अडते आणि मदतीला जाता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी घ्या.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवा. या रस्त्यावर शोभेची टीपॉय, दुमडलेल्या कोपऱ्याचा गालिचा, आडवी गेलेली वायर, चपला काहीही नको. उंबरठा काढता येत नसेल तर त्यावर पिवळा पट्टा मारा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडाही रंगवा. एकाच रंगाच्या फरशीत पायरी कुठे संपते ते मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसत नाही. रात्री लहान दिवा जळता असू द्या. पलंग इतकाच उंच असावा की बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील.

न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर तो बाहेरच्या हवेवर बसवून घ्या. बंद न्हाणीघरात गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत गेलेला माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध होतो.

रंगाने ओल झाकू नका

दिवाळीआधी किंवा घर विकण्याआधी भिंतींना रंग लागतो. पण ओल आलेल्या भिंतीवर रंग दिला तर एका पावसाळ्यात पोपडे येतात. आतली बुरशी जात नाही आणि दम्याच्या मुलाचा खोकलाही थांबत नाही. आधी गळती बंद करा, भिंत वाळू द्या, मग रंग. घर विकत घेणाऱ्यांनीही नव्या रंगावर भुलू नये. कपाटामागची भिंत पाहावी, नाकाने कोंदट वास घ्यावा, भिंतीच्या तळाशी पांढरा खार फुटला आहे का पाहावे आणि घर एकदा भर दुपारी, एकदा रात्री बघावे.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण २०१७ पासून कायद्याने दहा लाख भागांत ९० भागांवर आणले आहे. जुन्या घरांतले जुने थर मात्र त्या कायद्याच्या आधीचे आहेत. ते कोरडे घासले की शिशाची धूळ उडते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. पाणी मारून, ओले करून घासा. त्या दिवशी मुले आणि गरोदर स्त्री घरात नकोत. दम्याच्या रुग्णानेही रंगाचा वास जाईपर्यंत दुसरीकडे झोपावे.

आधी काय करावे?

सगळे एकदम करा असे माझे म्हणणे नाही. पहिल्या रविवारी एक पैसाही खर्च न करता खिडकीपुढचे कपाट हलवा, रस्त्यातल्या वस्तू उचला, कूलर आणि पिंप घासा. पुढच्या महिन्यात रात्रीचा दिवा, भिंतीतली दांडी आणि विजेचे ते यंत्र. मार्च लागण्यापूर्वी गच्चीला चुना. फरशी आणि खिडक्या पुढे घराचे काम निघेल तेव्हा. सोफा आणि पीओपी त्यानंतर, पैसे उरले तर.

घर नीट मांडले आहे की नाही, याची कसोटी सोपी आहे. दुपारी दोन वाजता घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या पलंगावर पंधरा मिनिटे बसा. त्या पंधरा मिनिटांत आपण रुमाल शोधू लागलो, तर त्या माणसाला आजच दुसऱ्या खोलीत हलवा.