ठिबकचा लाभ : वाळवा आणि जत यांची तुलना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना शेतीचे सारे गणितच बदलते. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील माण, आटपाडी, जत हे तालुके टंचाईचे म्हणूनच ओळखले जातात. त्यामुळे ठिबक सिंचनाने उसाचे उत्पादन एकरी किती टनांनी वाढते, या प्रश्नाला सर्व तालुक्यांसाठी एकच सरासरी उत्तर दिले, तर ते कृष्णाकाठच्या काळ्या रानालाही लागू पडत नाही आणि जतच्या माळालाही नाही.

एका राशीवर इतर घटकांचा किती परिणाम होतो हे समीकरणाने मोजण्याच्या पद्धतीस समाश्रयण, म्हणजेच रिग्रेशन, म्हणतात. ठिबकचा परिणाम तालुक्यागणिक बदलतो का, हे पाहण्यासाठी या समीकरणात ‘ठिबक’ आणि ‘तालुका’ यांचा गुणाकार हे आणखी एक पद घालतात; तेच आंतरक्रिया पद. केवळ उदाहरणादाखल असे समजू की, पाटपाण्यावर कृष्णाकाठच्या वाळव्यात एकरी 40 टन आणि जतला 28 टन ऊस निघतो, आणि ठिबकवर हेच आकडे अनुक्रमे 45 व 38 होतात. म्हणजे वाढ वाळव्यात 5 टन आणि जतला 10 टन. या दोन वाढींतील 5 टनांचा फरक हाच आंतरक्रिया पदाचा गुणक होय.

खरी गफलत याच्या पुढे होते. समजा, नमुन्यावरून काढलेल्या अंदाजातील अनिश्चितता, म्हणजे प्रमाण त्रुटी, वाळव्याच्या वाढीत 3 टन आणि जतच्या वाढीत 4 टन आहे. नेहमीच्या कसोटीला अंदाज त्रुटीच्या साधारण दुप्पट असावा लागतो. जत त्यात उत्तीर्ण होते, वाळवा नापास होतो, आणि अहवाल लिहिणारा ‘ठिबक जतलाच उपयोगी’ असे लिहून मोकळा होतो. परंतु दोन स्वतंत्र अंदाजांतील फरकाची त्रुटी 3 व 4 यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे 5 टन, येते. 5 टनांच्या फरकाला 5 टनांची त्रुटी असेल, तर तो फरक सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. दोन्हीकडे लाभ सारखाच आहे, असेही त्यावरून ठरत नाही.

शिवाय ठिबक बसवणारा शेतकरी बहुधा खतावरही अधिक खर्च करतो. खताचा परिणामही तालुक्यागणिक बदलत असेल, तर खत आणि तालुका यांचे गुणाकार पदही समीकरणात हवे, नाहीतर खताचे श्रेय ठिबकच्या खात्यात जमा होते.

ही दृष्टी शेतीशास्त्राला नवी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी व्ही. जी. पानसे यांच्यासह लिहिलेला शेती संशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ 1954 मध्ये प्रसिद्ध झाला. खत, पाणी, वाण यांचे एकत्रित प्रयोग करताना आंतरक्रिया तपासणे हा त्या परंपरेचा नित्याचा भाग आहे. अडचण खर्चाची आहे : दोन्ही तालुक्यांतून सारख्याच संख्येने शेतकरी निवडले, तरी सरासरी परिणामाइतक्याच अचूकतेने तालुक्यांतील हा फरक मोजण्यास सुमारे चौपट नमुना लागतो. तेवढी माहिती गोळा न करता, फरकाची प्रमाण त्रुटीही न छापता, एका तालुक्याला ठिबक फायद्याचे आणि दुसऱ्याला निरुपयोगी ठरवणारा अहवाल अनुदानाच्या निर्णयासाठी ग्राह्य धरू नये.