घर विकत घेतांना : दलाल कोणाचा?

“घर पाहावे बांधून” अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आज मात्र खेड्यापाड्यांतील पुष्कळ कुटुंबे घर बांधीत नाहीत, बांधलेले घर विकत घेतात. वडिलोपार्जित घरात भावाभावांच्या वाटण्या होऊन जागा अपुरी पडते, मुलांच्या शिक्षणासाठी शहराजवळ राहणे भाग पडते, आणि मग घराचा शोध सुरू होतो. त्या शोधात पहिल्याने भेटणारा गृहस्थ म्हणजे दलाल.

समजा, गोव्यातील एका कुटुंबाचा कर्ता पुरुष तारवटी आहे. वीस वर्षे बोटीवर राबून त्याने पै पै साठविली आहे. तो समुद्रावर असतांना दलाल घरी येतो आणि त्याच्या पत्नीला सांगतो, “बाई, शेजारच्या गावात सुरेख घर निघाले आहे. भाव बेताचा आहे; परंतु दुसरे गिऱ्हाईक तयार बसले आहे. उद्या संध्याकाळपर्यंत इसार दिला नाही, तर घर हातचे गेले म्हणून समजा!” त्या बाईने काय करावे? वीस वर्षांची कमाई तिच्या एका होकारावर अवलंबून आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, दलाल म्हटला की लबाड, असे समजणे हा अन्याय आहे. चांगला दलाल पुष्कळ उपयोगी पडतो. कोणते घर विकाऊ आहे, मालक कोठे राहतो, त्या वाड्यावर अलीकडे कोणत्या भावाने व्यवहार झाले, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकते काय, वाट सार्वजनिक आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीची, हे सारे त्याला ठाऊक असते. त्या ज्ञानाचे मोल देण्यात काही गैर नाही. प्रश्न एवढाच की, तो कोणाचा माणूस आहे?

बहुतेक व्यवहारांत दलाल विकणाऱ्याकडून दलाली घेतो आणि घेणाऱ्याकडूनही घेतो. भाव जितका चढेल तितकी त्याची शेकडेवारी वाढते, आणि व्यवहार जितका लौकर उरकेल तितका त्याचा वेळ वाचतो. म्हणजे भाव उतरविण्यात आणि कागद सावकाश तपासण्यात आपले जे हित आहे, ते त्याचे असेलच असे नाही. 1872 चा करार कायदा सांगतो की, प्रतिनिधीने धन्याचे काम योग्य कौशल्याने करावे, हिशेब द्यावा, आणि धन्याला न कळविता त्या कामात स्वतःसाठी परस्पर व्यवहार करू नये. परंतु आपण त्याला आपला प्रतिनिधी नेमले होते, हेच सिद्ध करता आले नाही, तर कायदा काय करणार? म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : तो दुसऱ्या बाजूकडून दलाली घेतो किंवा नाही, आपली दलाली किती, ती केव्हा द्यावयाची, आणि व्यवहार मोडल्यास काय. दलाली खरेदीखताची नोंदणी झाल्यावर द्यावी. इसाराच्या दिवशी देऊन मोकळे होऊ नये.

2016 चा कायदा

बांधकाम व्यावसायिकाच्या नव्या इमारतीतील घर घ्यावयाचे असेल, तर स्थावर संपदेविषयीचा 2016 चा केंद्रीय कायदा, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, आपल्या पाठीशी आहे. त्यानुसार अशा योजनेची व ती विकणाऱ्या दलालाची राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. दलालाला नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोचू नये. नोंदणी नसलेली योजना त्याने विकता कामा नये, आणि घरासंबंधीची कागदपत्रे गिऱ्हाईकाला मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य ठरविले आहे. तसेच करारपत्राची नोंदणी होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा अधिकार बांधणाऱ्याला नाही. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ घरांपर्यंतच्या योजनांना नोंदणीतून सूट आहे, आणि गावातील जुने घर मालकाकडून घेतांना तर हा कायदा कामास येत नाही. तेथे आपली सावधगिरी हेच आपले संरक्षण.

गोव्यातील घर : सह्या कोणाच्या?

गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा मुक्तीनंतरही चालू राहिली. वारसाहक्काचे नियम आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहेत. या परंपरेत विवाहापूर्वी निराळा करार झालेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक असते. म्हणून घर एकट्या पतीच्या नावावर दिसले, तरी विक्रीला पत्नीचीही संमती लागते. मुलगा आणि मुलगी यांचा वारसाहक्क सारखा असतो. आजोबा वारले आणि न्यायालयातील वाटणी, जिला आपण ‘इन्व्हेन्टरी’ म्हणतो, झालीच नाही, तर मुंबईला दिलेली आत्या आणि परदेशी स्थायिक झालेला काका हेही त्या घराचे धनी असतात. आणि विवाहित वारसांच्या जोडीदारांच्या सह्याही लागतात. “तिची सही काय, मागाहून आणू,” असे दलाल म्हणाला, तर इसारही मागाहूनच द्यावा. ज्या सहीवाचून घर आपले होत नाही, ती सही किरकोळ कशी?

त्यानंतर सर्व्हेचा ‘नमुना 1 व 14’ पाहावा. त्यात कब्जेदाराचे नाव असते आणि कुळाची नोंदही सापडते. आवारात मुंडकाराचे घर आहे काय, हे स्वतः जाऊन पाहावे. कारण 1975 च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण दिले आहे, आणि भाटकार बदलला म्हणून त्याचा हक्क जात नाही. जमीन कोमुनिदादीची असेल, तर ती कोणत्या अटीवर दिली होती, हे तपासावे. घराखालील जमिनीची सनद, बांधकामाचा परवाना व राहण्याचा दाखला मागावा. पंचायतीची घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे; ती मालकीचा पुरावा नव्हे.

एवढी कसोशी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोव्याच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. परदेशी असलेल्या वा निधन पावलेल्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तऐवजांच्या आधारे बळकाविल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की, 2022 साली सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. म्हणून पोर्तुगीज भाषेतील जुना कागद पुढे आला, तर ती भाषा जाणणाऱ्या, आणि दलालाने सुचविलेला नसलेल्या, स्वतंत्र वकिलाकडून तो वाचून घ्यावा. वकिलाचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने अल्प असते.

बेळगाव भागातील वाचकांनी गावठाणातील घरासाठी पंचायतीचा नमुना 9 व 11, शेतजमिनीसाठी उतारा, आणि दोन्ही ठिकाणी दुय्यम निबंधकाकडील बोजाचा दाखला पाहावा. कागद कन्नडमध्ये असतील, तर अर्थ समजावून घेतल्यावाचून सही करू नये.

पैशाची वाट

स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास प्राप्तिकराच्या कायद्याने बंदी आहे. इसारसुद्धा बँकेमार्फत आणि मालकाच्याच नावे द्यावा, दलालाच्या हाती नव्हे. “खतात किंमत कमी दाखवू, खर्च वाचेल,” या मोहात पडू नये. कमी दाखविलेली किंमत हा खोटेपणा तर आहेच. शिवाय उद्या व्यवहार फिसकटला, तर खताबाहेर दिलेले पैसे कोणत्या तोंडाने परत मागावयाचे? किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल, तर घेणाऱ्याने शेकडा एक रुपया कर कापून सरकारात भरावयाचा असतो. केवळ मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ घेऊ नये. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्पष्ट केले आहे. मालकी येते ती नोंदणी झालेल्या खरेदीखताने.

आता त्या तारवट्याच्या पत्नीकडे वळू. तिने दलालाला चहा द्यावा, आणि शांतपणे सांगावे, “घर मला आवडले, तर मी घेईन. परंतु आधी कागदांच्या नकला द्या. आमचे वकील पाहतील, माझ्या पतीशी बोलणे होईल, मग इसार.” दलाल प्रामाणिक असेल, तर तो दुसऱ्या दिवशी नकला घेऊन येईल, आणि त्याची दलाली त्याला आनंदाने द्यावी. तो रागावून निघून गेला, तर एक घर गेले असे तिने समजू नये; वीस वर्षांची कमाई वाचली असे समजावे. घरे पुन्हा निघतात. बोटीवर घालविलेली वर्षे मात्र पुन्हा येत नाहीत.