दृष्टीआडचे सहकारी

कार्यालय म्हटले की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर येते : एका छपराखाली बसलेले कर्मचारी, ठरलेली वेळ, हजेरीपट आणि सर्वांवर लक्ष ठेवणारा अधिकारी. संगणकाच्या आज्ञावली तयार करण्याच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या व्यवसायाने हे चित्र पुष्कळ बदलले आहे. आज्ञावली इंटरनेटवरून क्षणात पाठवता येते; त्यामुळे एकाच गटातील अभियंते वेगवेगळ्या गावी, प्रसंगी वेगवेगळ्या देशांत राहूनही एकत्र काम करू शकतात. मार्च २०२० मध्ये भारतात टाळेबंदी लागू झाली, तेव्हा या क्षेत्रातील असंख्य अभियंत्यांना घरूनच काम करावे लागले. पुढे टाळेबंदी उठली, तरी अनेक कंपन्यांनी ही पद्धत पूर्णतः वा अंशतः चालू ठेवली. अशा गटाचे नेतृत्व प्रथमच करणाऱ्या व्यवस्थापकापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. जे सहकारी दिसतच नाहीत, त्यांचे काम चालवायचे कसे?

‘दृष्टीआड सृष्टी’ अशी म्हण मराठीत आहे. नव्या व्यवस्थापकाला नेमकी हीच सृष्टी अस्वस्थ करते. मग तो दर तासाला फोन करतो, संगणक किती वेळ चालू होता याची नोंद मागवतो. परंतु आज्ञावली लिहिणे हे मुख्यतः विचाराचे काम आहे. एखादा अभियंता अर्धा दिवस कागदावर आकृत्या काढत बसेल आणि नंतर दहाच ओळी लिहील; पण त्या दहा ओळींनी मोठी अडचण दूर होईल. बसण्याचे तास मोजून अशा कामाचे मोल कळत नाही. म्हणून मोठ्या कामाचे दोन-तीन दिवसांत संपतील असे लहान भाग पाडावेत, प्रत्येक भाग कोणी करायचा हे ठरवावे आणि ‘काम पूर्ण झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे आधीच स्पष्ट करावे. ‘नोंदणीचे पान दुरुस्त करा’ असे म्हणणे अपुरे आहे. ‘चुकीचा दूरध्वनी क्रमांक भरल्यास पानाने तो स्वीकारू नये आणि चूक कोठे झाली ते सांगावे’ असे लिहिले, की करणारा आणि तपासणारा या दोघांनाही एकच कसोटी मिळते.

दूरस्थ गटाचा दुसरा आधार म्हणजे लेखन. कार्यालयात चहाच्या वेळी दोघांच्या बोलण्यात एखादा निर्णय होतो आणि तो सहज इतरांच्या कानी जातो. दूर असलेल्या सहकाऱ्याला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही. यासाठी प्रत्येक निर्णय व त्यामागचे कारण सर्वांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहून ठेवावे लागते. लिनक्स या संगणक प्रणालीचे उदाहरण येथे बोलके आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि पुढे जगभरातील हजारो लोकांनी तिच्यात भर घातली. त्यांतील अनेकांनी एकमेकांना कधी पाहिलेही नसेल. सुचवलेला बदल ई-मेलने सर्वांपुढे ठेवायचा, इतरांनी तो तपासायचा आणि मगच स्वीकारायचा, या शिस्तीवर ते काम चालत आले. २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनीच तयार केलेल्या ‘गिट’ या साधनात कोणता बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहते आणि तो का केला हेही लिहून ठेवता येते. आज जगभरातील अभियंते हे साधन वापरतात.

अंतराबरोबर वेळेचाही प्रश्न येतो. हिवाळ्यात पुण्यात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. अशा गटाच्या बैठका नेहमी एकाच बाजूच्या सोयीने ठेवल्या, तर दुसऱ्या बाजूची झोप आणि कुटुंबाचा वेळ सतत खर्ची पडतो. म्हणून गैरसोय आळीपाळीने वाटून घ्यावी. काम थांबवताना प्रत्येकाने काय झाले, काय उरले व कोठे अडले हे चार ओळींत लिहून ठेवले, तर बऱ्याच बैठकांची गरजच उरत नाही.

तथापि सर्वांत मोठा धोका वेळेचा नसून मौनाचा आहे. घरी एकटीच काम करणारी एखादी नवी अभियंता अडचणीत सापडते. विचारले तर आपले अज्ञान उघड होईल, या भीतीने ती ‘झाकली मूठ’ ठेवते. कार्यालयात तिचा चेहरा पाहून शेजाऱ्याने विचारपूस केली असती. येथे चेहराच दिसत नाही. दिवस जातात, काम रखडते आणि तिचा आत्मविश्वासही खचतो. हे टाळण्यासाठी व्यवस्थापकाने दर आठवड्याला प्रत्येकाशी स्वतंत्रपणे अर्धा तास बोलावे आणि ‘काम झाले का?’ यापेक्षा ‘कोठे अडले आहे?’ असे विचारावे. पहिल्यांदा कोणी चूक कबूल करते, तेव्हा व्यवस्थापक कसा वागतो याकडे साऱ्या गटाचे लक्ष असते. तो रागावला, तर पुढची चूक त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. लेखी शब्दाला आवाजातील ओलावा नसतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे. ‘हे असे का केले?’ हा साधा प्रश्नही पडद्यावर दरडावणीसारखा वाटतो. म्हणून प्रशंसा सर्वांसमक्ष लिहावी. उणीव मात्र एकांतात, प्रत्यक्ष बोलून सांगावी.

नवा व्यवस्थापक बहुधा कालपर्यंत स्वतः उत्तम अभियंता असतो. त्यामुळे काम रखडले की रात्री जागून ते आपणच पूर्ण करण्याचा मोह त्याला होतो. त्याने त्या दिवसाची निकड भागते. परंतु सहकारी शिकत नाहीत आणि पुढच्या वेळी त्याचीच वाट पाहत बसतात. आता त्याचे काम आज्ञावली लिहिण्यापेक्षा ती लिहिणाऱ्यांची वाट मोकळी करण्याचे आहे.

विश्वास ठेवणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. अपेक्षा स्पष्ट असावी, नोंद उघड असावी आणि अडचण सांगण्याची वाट खुली असावी. या तीन गोष्टी असतील, तर दृष्टीआडचा सहकारीही एकाकी पडत नाही.