मताधिकार आणि मागावरील मजुरी

इचलकरंजीच्या कापडाची वाखाणणी घरोघरीं होते; तें विणणाऱ्याच्या मजुरीची विचारपूस मात्र क्वचितच होते. संस्थानी अमलांतून लोकशाहींत येतांना या गांवच्या कामगारास काय मिळालें व काय मिळावयाचें राहिलें, हें वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटतें.

घोरपड्यांच्या जहागिरीचें हें गांव. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकीर्दींत, 1904 सालीं, विठ्ठलराव दातार यांनीं येथें पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदारांनीं उद्योगास आश्रय दिला, हें त्यांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. परंतु आश्रय निराळा आणि हक्क निराळा. 1 मार्च 1949 रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि त्यामागोमाग देशाचे मजूरविषयक कायदे इकडेही आले. त्यांत 1948 चा किमान वेतनाचा कायदा मुख्य. त्याचें विधेयक 1946 मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं, मध्यवर्ती सरकारांत मजूरखातें सांभाळीत असतांना, मांडलेलें होतें. राजकारणांत समता व अर्थकारणांत विषमता असा विरोध फार काळ चालूं दिला तर लोकशाही धोक्यांत येईल, असें त्यांनींच पुढें 25 नोव्हेंबर 1949 रोजीं घटनासमितींत बजाविलें.

किमान वेतन ही परकी कल्पना, असें म्हणणाऱ्यांनीं कौटिल्य उघडून पाहावा. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी आहे. सूत बारीक कीं जाडें हें पाहून वेतन ठरवावें, घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांस काम घरीं पोंचवावें, आणि वेतनाची वेळ टाळल्यास दंड व्हावा, अशी तरतूद तेथें स्पष्ट आहे.

आतां या गांवची रीत पाहा. व्यापारी सूत देतो. ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक त्याचें कापड मजुरीनें विणून देतो. त्याच्या पदरीं मागवाला, कांडीवाला, जॉबर. धोट्याचा एक फेरा म्हणजे एक पीक. इंचांत पिकें किती, यावर मीटरमागें पैसे. वीज गेली, बीम संपलें, कीं मजुरी थांबली. कामगारानें भांडावें तरी कोणाशीं? ज्याच्यापाशीं पैसा तो त्याचा मालक नव्हे, आणि जो मालक, तोही दुसऱ्याच्या दरावर जगणारा!

शिवाय 1948 च्या कारखाने कायद्यानें विजेवर चालणाऱ्या जागीं दहा कामगार असले तरच तिला कारखाना मानलें. मग एकाच छपराखालचे माग कांहीं बायकोच्या नांवें, कांहीं भावाच्या, कांहीं मुलाच्या, अशी वांटणी यंत्रमागांच्या धंद्यांत सर्रास झाली. एकत्र कुटुंब हें आपलें भूषण खरें; पण येथें तें कायदा चुकविण्याच्या कामीं आलें, हें कटु असलें तरी सांगितलें पाहिजे.

जानेवारी 1982 मध्यें डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईचे सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. गिरण्या थांबल्या, कापड थांबलें नाहीं. भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथील माग चालूच होते, आणि गिरण्यांचें काम तिकडे वळलें. परळच्या कामगाराची हार इचलकरंजीच्या कामगाराची भाकर झाली, असा हा विचित्र योग! त्यांत इकडच्या मजुराचा दोष कोणी काढूं नये. त्याच्यापाशीं त्या वेळीं बोलावयास जागाच नव्हती.

ती जागा लाल बावट्याच्या संघटनांनीं हळूहळू मिळविली. यंत्रमागाच्या किमान वेतनाचे दर 1986 नंतर थेट जानेवारी 2015 मध्यें बदलले. जवळजवळ तीस वर्षें सरकारास सवड झाली नाहीं! तत्पूर्वींच, 2013 च्या आरंभीं, येथील माग महिनाभर बंद राहिले. त्या संपाचें खरें फळ मजुरीवाढीपेक्षां निराळें आहे असें आमचें मत आहे: पिकाचा दर महागाईशीं जोडला गेला, आणि दरवर्षीं नवा आंकडा कामगार कार्यालयानें जाहीर करावा असें ठरलें. मालकांनीं तो पुढें नेहमींच मानला असें नाहीं. पण तंट्याला आधार झाला. नवे दर लागूं करावेत म्हणून सायझिंगचे कामगार 2015 मध्यें पुन्हा दीर्घकाळ बाहेर राहिले.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अमलांत आल्या व 1948 चे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. किमान वेतनाचा हक्क आतां सर्व कामगारांस आहे. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याची संख्या दहाची वीस झाली, आणि आठ-दहा माणसांची शेड त्या संख्येच्या अलीकडेच राहिली.