प्रौढ संरक्षण सेवा, अमेरिकेतील
वार्धक्य, अपंगत्व वा मानसिक दुर्बलता यांमुळे स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ असलेल्या प्रौढांचा छळ, उपेक्षा व आर्थिक पिळवणूक यांविषयीच्या तक्रारींची चौकशी करणारी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शासकीय यंत्रणा. सामाजिक सुरक्षा अधिनियमास १९७५ मध्ये जोडलेल्या विसाव्या प्रकरणाने तिला चालना मिळाली. तथापि तत्संबंधीचे कायदे राज्यपरत्वे भिन्न आहेत. चौकशीच्या कार्यपद्धतीसंबंधी संघीय नियम प्रथम २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यांत तातडीच्या धोक्याच्या प्रकरणी २४ तासांची व अन्य प्रकरणी ७ दिवसांची कमाल मुदत घालून देण्यात आली.

तक्रार अधिकारक्षेत्रात येत असल्यास समाजकार्यकर्ता संबंधित व्यक्तीच्या घरी जातो व शक्यतो तिच्याशी एकांतात बोलतो. कारण छळ करणारा बहुधा घरातीलच असतो. जखमा, अन्न, औषधे, स्वच्छता यांची पाहणी करून तो डॉक्टर, नातेवाईक व बँक यांच्याकडून माहिती मिळवितो. स्वतःची हेळसांड हाही चौकशीचा एक प्रमुख विषय होय.

यातील निर्णायक प्रश्न संबंधित व्यक्तीच्या आकलनक्षमतेचा असतो. परिणामांची जाण असलेला प्रौढ मदत नाकारू शकतो; बालसंरक्षणाहून ही सेवा येथेच वेगळी ठरते. ती जाण नसल्यास न्यायालयाकडे पालक नेमण्याची विनंती करता येते. गुन्हा आढळल्यास पोलिसांना कळविले जाते. पालकनियुक्तीमुळे व्यक्तीचे नागरी हक्क संकोच पावतात. म्हणून तो अखेरचा उपाय मानतात.