बोर्ड गेला म्हणे!

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरचा हात काढून घेतला आणि आमच्या नंदाखालमध्ये भंगारवाल्याचं फावलं. चांगले चालते कॉम्प्युटर किलोच्या भावाने गेले. त्याचंही एक वेळ समजू शकतो. पण आमच्या आळीतला एक संच ‘बोर्ड गेला’ एवढ्या निकालावर बाहेर पडला, आणि निकाल देणाऱ्याने त्याचं कव्हरसुद्धा उघडलं नव्हतं. ते मात्र झोंबलं. याच गावात एकेकाळी बोर्ड गेला म्हणायला पुरावा द्यावा लागायचा.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर असायचा क्लासमध्ये. चपला बाहेर काढून, पंख्याखाली आळीपाळीने बसायचं. 2001 मध्ये एमएस-सीआयटी आली, घरोघरी सर्टिफिकेटं लागली. त्यातल्या कित्येकांनी कॅबिनेटच्या आत कधी डोकावलं नाही. सोडून देऊ.

खरा रंग भरला तो 2003 ते 2013 या दहा वर्षांत. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग पोरं घरच्या घरी करू लागली. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून यायचे. विरारपर्यंत एसटी, तिथून फास्ट लोकल, दादरला उतरून स्लो, मग ग्रँट रोड. येताना मांडीवर मदरबोर्डचा खोका, आणि गर्दीत त्याला धक्का लागू नये म्हणून अख्खा प्रवास कोपर बाहेर काढून.

त्या बोर्डांवर प्रोसेसरच्या शेजारी नॉर्थब्रिज नावाची चिप असायची. मेमरी, ग्राफिक्स आणि प्रोसेसर यांची सगळी ये-जा तिच्यातून. साहजिकच ती तापायची. कंपन्या तिच्यावर चाळीस मिलिमीटरचा इवलासा फॅन बसवायच्या, मिनिटाला पाच-सहा हजार फेरे मारणारा. अर्नाळा-राजोडीकडून येणारी खारी हवा, उन्हाळ्यातली धूळ आणि वर लोडशेडिंग. वर्ष-दोन वर्षांत त्याचं वंगण सुकायचं आणि घरघर सुरू व्हायची. मधलं स्टिकर उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला की काही दिवस निभायचं. मग कुणीतरी शहाणा फॅनच काढून टाकायचा आणि बाजारातून बिनफॅनचा, उंच पात्यांचा कूलर आणायचा. आवाज गेला, कटकट गेली, असं वाटायचं. खरी कटकट तिथूनच सुरू व्हायची.

शेजारच्या एका मिक्सिंगवाल्याचा संच असाच रेंडरिंगला लावला की थोड्या वेळाने गोठायचा. मे महिना, पार्टी डीव्हीडीसाठी दारात. ‘फॉरमॅट मारा’ पंथाचे लोक आधी पोचले. या पंथाचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे. रोग कुठलाही असो, यांचा काढा एकच. फॉरमॅट झालं, संच पुन्हा गोठला. मग व्होल्टेजवाले आले. आमच्याकडचा दाब पाहता त्यांचा संशय निदान रास्त होता. स्टॅबिलायझर लावला, फरक नाही. मेमरी मेमटेस्टवर रात्रभर ठेवली, एकही चूक नाही.

मग कॅबिनेटची बाजू उघडून आत टेबलफॅन रोखला. आता संच बराच उशिरा गोठला. म्हणजे प्रश्न उष्णतेचा. कूलरला बोट लावलं तर तो जेमतेम कोमट. जमलेले सगळे म्हणाले, थंड आहे, म्हणजे चिपसेट ठीक. नेमकं उलट! राबणाऱ्या चिपवरचा कूलर थंड लागतो, याचा अर्थ चिपची उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

कूलर उतरवला. पेस्टचा ठसा चिपच्या एका कडेलाच, चंद्रकोरीसारखा. बाकीची चिप कोरी. कूलरचा एक कोपरा शेजारच्या कपॅसिटरच्या डोक्यावर टेकला होता, म्हणून तो केसभर तिरका बसला होता. कूलर बाहेर नेऊन तो कोपरा कानशीने घासला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिलने पुसली, नवी बेताने लावली आणि दोन्ही बाजूंचे हूक एकदम दाबून बसवले, कारण एकच बाजू आधी दाबली तर उघड्या चिपचा टवका उडतो. मग बोर्डाने फॅनचे फेरे शून्य म्हणून बोंब मारली. बायोसमध्ये जाऊन त्या फॅनवरची पाळत बंद केली. रेंडरिंग लावलं. कूलर असा तापला की बोट ठेववेना, आणि आम्ही सगळे खूश. संच सकाळपर्यंत चालला.

पुढे हा खेळच संपला. एएमडीने 2003 मध्ये मेमरीचा कारभार प्रोसेसरच्या पोटात घेतला, इंटेलने 2008 मध्ये. तरी मधल्या काळात एनफोर्स 4 सारखे तापट चिपसेट होतेच, आणि कित्येक बोर्डांवर ते ग्राफिक्स कार्डाच्या खालीच यायचे. उंच कूलर लावावा तर कार्ड बसेना. हळूहळू नॉर्थब्रिज नाहीसा झाला, चिपसेटला चपटी पट्टी पुरू लागली. 2019 मध्ये एक्स 570 च्या बोर्डांवर तो छोटा फॅन परत आला, तेव्हा मला जुना वैरी भेटल्याचा आनंद झाला. पण तोवर आमच्याकडे कॅबिनेट उघडणारं उरलं होतं कोण? मधल्या वर्षांत महापालिका आली, पालघर जिल्हा झाला, वाड्यांच्या कडेने इमारती उठल्या आणि पोरांच्या हाती लॅपटॉप आले. त्यांतल्या कित्येकांत मेमरीसुद्धा बोर्डालाच डकवलेली.

डिसेंबर 2022 मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण बोर्डाचा नकाशा गावच्या पोराला मिळत नाही, आणि सुटा भाग नव्या संचाच्या निम्म्या किमतीला पडतो, तोवर त्या हक्काची किंमत किती? मला कंपन्यांचं नवल नाही, त्यांचा धंदाच नवा माल विकण्याचा. राग आहे तो आपल्यावर. डॉक्टरने न तपासता मरणाचा दाखला दिला तर आपण त्याची कॉलर धरू. मेकॅनिकने दिला तर आपण निमूटपणे विचारतो, नवा केवढ्याला बसेल?